चित्रात माणूस काढायचा राहिला

२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. फोन तीनदा आला, नाही असं नाही. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते. काल तू जे काही सांगितलंस त्यात साबण होता, चिठ्ठ्या होत्या आणि कापड होतं. मी तुझ्या आईला सांगितलं, पोरीला तिकडे धोबी मिळत नाहीये, चिठ्ठ्या पाठवतेय. तुझी आई हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणून म्हणते, कागदावर लिही. कागद पुन्हा वाचता येतो.

खालचे घड्याळवाले रोज विचारतात. परवा म्हणाले, "वहिनी, नात घरं बांधते ना? मग तिकडे शिकवते काय?" मी म्हटलं, "घरं बांधायलाच शिकवत असेल." तर म्हणतात, "दीड महिन्यात? दीड महिन्यात माझ्याकडचं एक घड्याळ दुरुस्त होत नव्हतं." मी म्हटलं, "म्हणूनच दुकान बंद करावं लागलं." हसले आणि चहा प्यायले. त्या माणसाचा अपमान करून उपयोग नसतो, तो चहा पितोच.

पण मलाही कळू दे की. तू शिकवतेस म्हणजे करतेस काय? फळ्यावर लिहितेस? पोरं ऐकतात का? आमच्या वेळच्या बाई वर्गात झोपायच्या आणि आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो. तिसरी संपली तसं शिक्षणही संपलं. तेवढ्यात साधी अक्षरं ओळखीची झाली, जोडाक्षरं मात्र अजून मला बघून तोंड फिरवतात. तेव्हा तू सोपं लिही, आणि जमलं तर चित्र काढून पाठव. चित्र मला बरोबर कळतं. माझं सगळं आयुष्य कागदावरची आकृती बघून कापड कापण्यात गेलं.

जेवत जा.

तुझी आजी


७ मार्च

आजी, नमस्कार.

धोबी व्यवस्थित आहे!

साबण म्हणजे काय ते ऐक. आमचा वर्ग भरतो एका जुन्या साबणाच्या कारखान्यात. बंद पडून वीस वर्षं झाली, पण अजून फरशी पुसली की फेस येतो. मागे मोठं अंगण आहे आणि अंगणाला लागून मुलांचं वाचनालय.

आम्ही शिकवणारे पाच जण. एक शिल्पकार आहे, दाढीवाला, लोखंड वितळवून घोडे करतो. एक नेपथ्यकारबाई आहेत, नाटकाच्या स्टेजवरची घरं, झाडं, राजवाडे त्या करतात. मी इमारतीवाली. प्रत्येकाच्या हाताखाली चौदा-पंधरा जण, कुणी विद्यार्थी, कुणी नोकरी करणारे. माझ्याकडे एक निवृत्त नर्सबाई आणि एक बेकरीवालासुद्धा आहे.

चिठ्ठ्यांची गंमत पहिल्या दिवशी झाली. आमच्या संयोजिका, म्हणजे ज्यांनी हे सगळं जुळवून आणलं त्या, साबणाचा खोका घेऊन आल्या. म्हणाल्या, "आपापल्या हातचं काम सगळेच शिकवतात. इथे तसं चालायचं नाही. चिठ्ठीत निघेल ते सामान घ्यायचं आणि शिकणाऱ्यांच्या बरोबरीनं चुकायचं." शिल्पकाराला कागद निघाला. तो रडायच्या बेतात होता, त्याची बोटं लागली तरी कागद फाटतो. नेपथ्यकारबाईंना माती. आणि मला कापड! जन्मात विटा आणि सिमेंट सोडून मी कशाला हात लावला नाही, हे तुला माहीत आहे.

मी छप्पर करते आहे. वाचनालयातल्या मुलांना अंगणात बसून वाचायला. मधे एक उंच खांब, भोवती सहा बुटके खांब आणि वर कापडाच्या सहा पाकळ्या. २९ तारखेला गावातले लोक बघायला येणार. तोवर प्रत्येकाचं काम उघड्यावर, दिवसभर उभं राहायला हवं.

चित्र सोबत पाठवते. बघ, शिवता येईल का असं? सगळं छान चाललं आहे. वर्गही छान आहे. काळजी करू नकोस, छान होईल.

तुझी भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावून मोठ्यानं. शिल्पकाराची फार दया आली. लोखंड वाकवणाऱ्याच्या हातात कागद म्हणजे पैलवानाच्या मांडीवर तान्हं मूल. त्याला सांग, हात जरा ओले करून बसत जा, नाही नाही, कागद आहे, ओले नको. कोरडेच ठेव म्हणावं.

आता तुझ्या कामाचं. सोबतच्या पुडक्यात तुझं छप्पर आहे. तू विचारलंस शिवता येईल का, म्हणून शिवूनच टाकलं.

तुझा कागद मी आधी उलटसुलट करून बघितला. आमच्या दुकानात अशा कागदाला फर्मा म्हणायचे. फर्मा कापडावर ठेवायचा, भोवती खडू फिरवायचा आणि कापायचं. कागद जेवढा, तेवढं कापड. तुझी एकेक पाकळी माझी वीतभरही नाही. सहा जोडल्यावर झालं केवढं, तर मोठ्या ताटावर झाकण पडेल एवढं. मी मनात म्हटलं, याच्याखाली कोणाची मुलं बसून वाचणार? मुंग्यांची? घड्याळवाले म्हणाले, "वहिनी, कलेची माणसं असंच काहीतरी करतात, आपण विचारायचं नसतं." मलाही वाटलं, नात शिकलेली आहे, बाहुल्यांचा खेळ वगैरे असेल. जे सांगितलं ते करावं.

पण अगदी सांगितल्यासारखंही केलं नाही हं. तुझ्या फर्म्यात चूक आहे. पाकळ्यांचे बाहेरचे काठ तू पट्टीनं सरळ ओढलेस. कापडाला सरळ काठ चालत नाही गं! ताणलं की कोपरे ताठ होतात आणि मधली कड ढिली पडते. मग वाऱ्यात अशी फडफडते की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. फळांच्या गाड्यांवरच्या मोठ्या छत्र्या मी तीस वर्षं कापल्या. काड्या तुझ्या आजोबांच्या, कापड माझं. काठ नेहमी आत खाऊन कापायचा, चंद्रकोरीसारखा. मग तो दुमडायचा, दुमडीत दोरी घालायची आणि टोकं ओढून बांधायची.

दुसरं, वर मध्यावर भोक ठेवलंय. तुझ्या कागदावर नव्हतं. वारा खालून आत शिरला की त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर तो छत्री घेऊनच जातो. भोकावर छोटी टोपी बसवली आहे, म्हणजे पाणी आत येणार नाही. तुमच्या संयोजिका रागावल्या तर सांग, म्हातारीनं आगाऊपणा केला.

कापड काळं आहे, दुकानातला शेवटचा तुकडा. मशीन काय, माझी चालूच असते, रोज काही ना काही शिवतेच.

एक विचारू? तुझ्या पत्राच्या शेवटी तीन ओळींत तीनदा 'छान' आलंय. लहानपणी गणिताचा पेपर झाल्यावर तू असंच म्हणायचीस.

तुझी आजी


१५ मार्च

आजी,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते आहे, कारण मागच्या पत्रात मी थाप मारली. काहीही छान चाललेलं नाही.

पत्र टाकलं त्याच्या आदल्या दिवशी आमचं छप्पर पहिल्यांदा उभं केलं होतं. अकरा मिनिटं राहिलं. आधी काठ फडफडायला लागले. इतके, की नर्सबाई माझ्या शेजारी उभ्या राहून ओरडत होत्या आणि मला फक्त त्यांचं तोंड हललेलं दिसत होतं. मग खालून वारा शिरला, छप्पर फुगलं, उचललं गेलं, दोन पाकळ्या टराटरा फाटल्या आणि एक खांब जाऊन पडला नेपथ्यकारबाईंच्या मातीच्या भिंतीवर. ती भिंत त्यांनी आठवडाभर खपून केली होती. बाई खाली बसून ढेकळं गोळा करायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा दुसऱ्यांदा उभं केलं, जाड दोरानं बांधून. नऊ मिनिटं.

चौदांपैकी आठ जण दुसऱ्या वर्गांत गेले. अगदी सभ्यपणे विचारून गेले. सहा उरलेत. संयोजिका म्हणाल्या, २८ तारखेला संध्याकाळी त्या बघायला येतील. छप्पर उभं असेल तर ठीक, नाहीतर अंगण शिल्पकाराला देऊ आणि मी त्याच्या हाताखाली काम करायचं. आजी, माझा हा पहिला वर्ग आहे. यात तोंडावर आपटले तर पुन्हा कुणासमोर उभं राहून शिकवायची हिंमत माझ्यात यायची नाही.

मी कागदावर सगळं बरोबर केलंय गं. चार वेळा तपासलंय. कापडाला ते कोण समजावून सांगणार?

भिंगरी


२० मार्च

आजी! आजी! आजी!

पुडकं आलं.

आधी खरं सांगते, उघडलं आणि मी हसत सुटले. मग नर्सबाई हसल्या, बेकरीवाला हसला. एवढंसं काळं छप्पर, त्यावर बटणाएवढी टोपी! शिल्पकारानं ते डोक्यावर ठेवून पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदा आमच्या खोलीत कुणी हसलं होतं.

मग तुझं पत्र वाचलं आणि हसू थांबलं.

मातीच्या गोळ्यात सहा पेन्सिली खोचल्या, मधे एक लांब ब्रश, आणि तुझं छप्पर त्यावर बांधलं. शिल्पकारानं आपला मोठा पंखा आणला, लोखंड गार करायला असतो तो. त्याच्यासमोर मी आमच्या छपराचा नमुनाही ठेवला, सरळ काठांचा, बिनभोकाचा, तुझ्याएवढाच. पंखा लावला. माझा नमुना फडफडला, फुगला आणि उडून खिडकीबाहेर गेला. तुझं छप्पर हललंसुद्धा नाही. नर्सबाईंनी त्यावर बोटानं टिचकी मारली, तर ढोलकीसारखा आवाज आला. बेकरीवाला हळूच म्हणाला, "तुमच्या आजींनी कुठून पदवी घेतली?"

आता माझी चूक. मुंग्यांची मुलं नाहीत गं! तो फर्मा नव्हता. इमारतीवाले मोठी वस्तू कागदावर लहान करून काढतात. तुझी वीतभर पाकळी अंगणात अकरा हात लांब आहे. मी ते तुला सांगायलाच विसरले, कारण माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांना ते न सांगता कळतं.

आता लवकर कळव. अकरा हातांच्या काठाला आत किती खायचं? भोक किती मोठं? आणखी काही जे तुला न सांगता कळतं आणि मला कळत नाही, तेही लिही. फोनवर विचारलं असतं, पण तू साताचे सत्तर ऐकशील. आठच दिवस उरलेत.

तुझी भिंगरी


२३ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

घड्याळवाले दारात चप्पल घालून उभे आहेत, पत्र तातडीच्या टपालानं टाकायला. म्हणून भराभर लिहिते, आणि ते भराभर म्हणतात तेव्हा मला जास्तच सुचतं.

अकरा हात! अगं, एवढ्यात तर आमचं अख्खं बिऱ्हाड मावेल! मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, नात बाहुल्यांची घरं बांधते. कागदाच्या कोपऱ्यात तू १:२५ लिहिलं होतंस ना? घड्याळवाले म्हणाले होते, "दुपारी एक पंचवीसला काढलेलं दिसतंय." आता मला म्हणतात, "मी घड्याळवाला, मला दुसरं काय दिसणार?" तेही खरंच.

तुझं थाप मारल्याचं पत्रही मिळालं. मला माहीत होतं. रागावले नाही. हिंमतीचं नंतर बोलू, आधी काठ.

नियम एकच. वीतभर काठाला एक बोट आत. छत्री लहान असो नाहीतर मोठी. तुझे अकरा हात म्हणजे बावीस विती, म्हणजे मध्यावर बावीस बोटं आत, आणि तिथून दोन्ही टोकांकडे कमी कमी करत शून्य. पट्टी घेऊ नकोस. दोरी सैल धरून कापडावर टाक, ती आपोआप पडते तशी खडूची रेघ मार. मधल्या भोकालाही तोच नियम, बावीस बोटं रुंद. वरची टोपी त्याहून चांगली मोठी आणि थोडी उचललेली, नाहीतर वारा अडकेल.

बोटं कोणाची म्हणून विचारशील. तुझी बारीक आहेत, ती धरू नकोस. या पत्राच्या मागच्या बाजूला मी माझा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. हा कागद मात्र खऱ्या मापाचा आहे हं! याला लहानमोठा करू नकोस.

कापड आधी भिजवून वाळव. नाहीतर छप्पर उभं झाल्यावर आवळेल आणि शिवण उसवेल. हे आम्ही एकदाच विसरलो होतो. तुझ्या आजोबांनी एका फळवाल्याला नवी कोरी छत्री दिली, आणि तो चौथ्या दिवशी आला तर छत्री उलटी होऊन पेल्यासारखी झाली होती. म्हणाला, "मालक, यात फळं ठेवू की याच्याखाली ठेवू?" तुझे आजोबा आठवडाभर त्या रस्त्यानं गेले नाहीत.

शिवताना दोघांनी समोरासमोर बसून कापड ओढून धरायचं, तिसऱ्यानं शिवायचं. धरणाऱ्यांनी गप्पा मारल्या तरी चालतील, शिवणाऱ्यानं नाही.

आणि शेवटचं, जे तुझ्या पुस्तकात असणार नाही. दोऱ्या एकेक करून ओढायच्या नसतात. एकानं आधी ओढली की सगळं छप्पर त्याच्याकडे झुकतं आणि मग कितीही सारखं केलं तरी रुसलेलंच राहतं. सहा जण सहा कोपऱ्यांना उभे करायचे. मधल्या माणसानं एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनला सगळ्यांनी एकदम ओढायचं. तू म्हणतेस आठ गेले आणि सहाच उरले. बरंच झालं की! पाकळ्याही सहाच आहेत. मधे तू उभी राहा आणि आकडे मोज. गणित कच्चं असलं तरी तीनपर्यंत येतं तुला.

घड्याळवाले खाकरताहेत.

तुझी आजी


३० मार्च

आजी,

उभं राहिलं.

हे एकच वाक्य लिहून पाकीट बंद करणार होते, पण तू मला सोडणार नाहीस. तेव्हा सगळं सांगते.

तुझ्या हाताचा कागद आम्ही पुठ्ठ्यावर चिकटवला. तीन दिवस तो पुठ्ठा हातोहात फिरत होता. अंगणात जिकडेतिकडे ऐकू यायचं, "अरे, आजींचा हात कुणाकडे आहे?" बेकरीवाल्यानं कापड भिजवून पिळलं, त्याचे हात पीठ मळून तयार झालेले आहेत. नर्सबाईंनी शिवलं. म्हणाल्या, "माणसं शिवली, कापड काय अवघड आहे?" आणि शिवताना खरंच कुणाशी बोलल्या नाहीत.

२८ ला संध्याकाळी सहा जण कोपऱ्यांवर उभे राहिले. मी मधे. एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तिसरा आकडा म्हणवेना. आजी, मला वाटलं हेही पडलं तर मी कुठे बघू? तेवढ्यात समोरून बेकरीवाला ओरडला, "मॅडम, तीन! दोन नंतर तीन असतात!" सगळे हसले, मीही हसले, तीन म्हटलं, आणि कापड एकदम ताठ झालं. असं ताठ, की वर बसायला आलेली चिमणी घसरली.

संयोजिका आल्या. चारी बाजूंनी फिरल्या. खांब हलवून बघितला. वारा चांगलाच होता. काठ फडफडले नाहीत. फक्त एक बारीक गुणगुण ऐकू येत होती, कुणीतरी काम करताना तोंडातल्या तोंडात गावं तशी. त्या खाली जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथे बसून थोडं वाचू का?" एवढंच.

काल दिवसभर मुलं त्याखाली होती. जोरात वारा सुटला तेव्हा शिल्पकार आपला कागदाचा घोडा कडेवर घेऊन पळत आला आणि आमच्या छपराखाली घुसला. घोड्याचा एक कान गेला, पण तो म्हणतो आता तो जास्त खरा दिसतो. आणि नेपथ्यकारबाईंनी नवी भिंत आमच्या छपराला टेकवून बांधली. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "पहिली भिंत मला आवडलीच नव्हती, तुझ्या खांबाला माझ्याआधी कळलं." गेलेल्या आठांपैकी पाच जण परत आले आणि विचारायला लागले, ओढायला एखादी दोरी शिल्लक आहे का.

तुझं छोटं छप्पर आम्ही दारात टांगलं आहे. लोक आत येताना ते बघून हसतात, आणि अंगणात पोचले की मागे वळून पुन्हा बघतात.

संयोजिका म्हणाल्या, "तुझ्या चित्रात माणूस काढायचा राहिला." आम्ही इमारतीच्या चित्रात कुठेतरी एक माणूस काढतो, त्याच्या उंचीवरून बाकी सगळं केवढं ते कळावं म्हणून. मी तो घाईत काढला नव्हता. काढला असता तर तुला माप कळलं असतं, तू काही शिवलं नसतंस, आणि आज अंगणात कागदाचा एककानी घोडा एकटाच उभा असता.

जूनमध्ये नवा वर्ग सुरू होतो आहे. तो मीच घ्यावा असं त्यांनी सांगितलं. आणि मला निरोप दिलाय की एक दिवस शिकवायला तुला आणायचं. मी हो म्हटलं आहे, दोन्हींना.

आता एक माझं ऐक. आईचा फोन आला होता. म्हणत होती, शिवणाच्या मशीनवरच्या कुंड्या खाली उतरल्या, गंज घासून काढला, तेल घातलं, आजीला काय झालंय कोण जाणे. सहा वर्षं म्हणे त्या कुंड्या तिथेच होत्या. आणि मला लिहितेस, मशीन काय, चालूच असते? आजी, थापा मारायला मी कुणाकडून शिकले ते आज कळलं.

तुझी भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि आज नेहमीपेक्षा दोन जास्त.

पत्र आलं तेव्हा मी एकटीच होते. 'उभं राहिलं' वाचलं आणि मीही उभी राहिले, का ते विचारू नकोस. मग बसून पुढचं वाचलं. मग खाली जाऊन घड्याळवाल्यांना वाचून दाखवलं. मग तुझी आई आली तिला. बाबा आले त्यांना. आता सगळ्यांना पाठ झालंय. तुझे बाबा सकाळी आंघोळीला जाताना म्हणतात, "एक, दोन..." आणि आतून तुझी आई ओरडते, "तीन!"

थापेचं कबूल आहे. तुझे आजोबा गेले, दुकान बंद झालं, आणि मला वाटलं, काड्याच नाहीत तर कापड कशावर ताणायचं? म्हणून मशीन झाकलं. त्यावर एक कुंडी ठेवली, मग दुसरी. कुंड्यांना ती जागा आवडली, मलाही सवय झाली. तुझा कागद आला त्या दिवशी मी फक्त मशीन उघडून बघावं म्हटलं. सुईत दोरा ओवायला घड्याळवाले बसले, बारीक कामाची सवय आहे त्यांना. पहिली शिवण वाकडी गेली, ती उसवली. दुसरी सरळ आली. तेव्हा मी मोठ्यानं काहीतरी बोलले असणार, कारण तुझी आई धावत आली. तू बरं केलंस गं, माणूस काढला नाहीस ते. माप कळलं असतं तर मी म्हटलं असतं, एवढं मोठं आता माझ्या हातून व्हायचं नाही.

जूनचं कळलं. येईन. पाठ टेकायला खुर्ची ठेव आणि अकराला चहा. शिल्पकाराला पुढे बसव, त्याला खडू हलक्या हातानं कसा धरतात ते शिकवीन. घड्याळवाले म्हणतात मीही येतो, वहिनींना वेळेचं भान राहत नाही. मी म्हटलं, "तुमच्या तिन्ही घड्याळांत तीन वेगवेगळ्या वेळा असतात." तरी येणार आहेत.

पण मला एक शंका आहे. तुमच्याकडे नियम आहे ना, आपापल्या हातचं शिकवायचं नाही म्हणून? मग मला कापड कसं चालेल? चिठ्ठी काढावी लागेल. ते बरोबर दिसणार नाही, बाकीच्यांना एक नियम आणि म्हातारीला दुसरा. म्हणून माझ्या हातचं नसलेलं काम, चित्र काढणं, मी आधीच शिकायला घेतलं. कागद घेतला. आठवडाभर बसून चित्र काढलं, तुमच्यासारखं, मोठ्या वस्तूचं लहान. सोबत पाठवते.

हसू नकोस. तो आपला मागचा सज्जा आहे. दुपारी तिथे असं ऊन येतं की खुर्ची तापते आणि कुंड्या माना टाकतात. मशीनवरून उतरवलेल्या कुंड्या आता तिथेच आहेत, त्यांचंही बघायला हवं. तर सज्ज्यावर एक कापडाचं छप्पर, चार पाकळ्यांचं. काठ आत खाल्लेले, भोक वर. खोडून खोडून कागद पातळ झालाय, उजेडासमोर धरू नकोस. कोपऱ्यात आकडे घातले आहेत. ते किती वाजले म्हणून नाहीत, मी आता शिकले. माझी एक वीत म्हणजे तिथले पाच हात.

शिवणं माझ्याकडे. खांब तुझ्याकडे, ते तुझ्या हातचं. दोऱ्या ओढायला घरात आम्ही तिघं आणि घड्याळवाले, आकडे मोजायला तू.

आणि चित्रात माणूस काढायला मी विसरले नाही. घड्याळवाले म्हणत होते मला काढा. मी म्हटलं जागा नाही, तुमच्या नावानं चहाचा कप काढते. छपराखाली दोन खुर्च्या आहेत, दोन्हींत माणसं बसली आहेत. एक मी, चष्म्यावरून ओळखशील. दुसरी तू. उंचीत चूक झाली असेल तर दुरुस्त कर, पण त्यासाठी आधी येऊन त्या खुर्चीत बसावं लागेल, त्याशिवाय माप कळायचं नाही.

तुझी आजी